नाणेघाट : जाण्यापूर्वी

आपल्या तालुक्यातून जुन्नरकडे चढणारी नाणेघाटाची वाट सातवाहनकाळापासून वापरात आहे. ती पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थिमित्रांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने टोकावड्यापुढे वैशाखऱ्याजवळ उतरावे. चढण दोन-अडीच तासांची. थंडीचे दिवस उत्तम. मी पहिल्यांदा श्रावणात गेलो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा परतताना कमरेला लागला; पाणी ओसरेपर्यंत अंधारात बसून राहावे लागले. म्हणून पावसाळ्यात गावातला वाटाड्या घ्यावा, दुपारीच उतरावे, आणि ओढा भरला असेल तर थांबावे.

माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणांचे आकडे त्यात कोरलेले असून भारतीय अंकांच्या जुन्या पुराव्यांत ते मोजले जातात. मागच्या भिंतीवरील राजघराण्याचे पुतळे गेले. वरची नावे तेवढी राहिली. वर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात.

दोन हजार वर्षे टिकलेल्या या अक्षरांशेजारी आपले नाव मात्र कोरू नये. बरोबर वही न्यावी. जे लिहायचे ते तिच्यात लिहावे.