नरांच्या चौकटीचा खरा खर्च

तुमच्याकडे मेलिफेराच्या पेट्या असतील, तर वरोआच्या औषधाआधी वरोआच्या मोजणीवर खर्च करा. साखर 45 रुपये किलो धरली, तर एका पेटीला लागणारी 20 ग्रॅम पिठीसाखर 90 पैशांची. जाळीचं झाकण लावलेली बरणी घरीच तयार होते. पिलाव्याच्या चौकटीवरच्या अर्धा कप, म्हणजे साधारण 300 माश्या बरणीत घ्या. त्यात राणी नाही ना, हे दोनदा बघा. साखर टाकून बरणी घोळवा, दोन मिनिटं थांबा आणि मग पांढऱ्या ताटावर मिनिटभर हलवा. ताटात थोडं पाणी शिंपडलं की साखर विरघळते, तांबूस कीड उठून दिसते. 9 निघाल्या तर शंभर माश्यांमागे 3 झाल्या. मग उपचार लांबवू नका. माश्या जिवंतच पेटीत परत जातात. पावसाळी दमट हवेत मात्र साखर गोळा होते आणि आकडा कमी येतो.

नरांचा पिलावा उकरून बघणं फुकट आहे, पण त्यातून कळतं ते कीड आहे की नाही एवढंच. पेटीची टक्केवारी त्यावरून काढू नका, कारण वरोआ नरांच्याच घरांत जास्त शिरते. कामकरी माशी अंड्यापासून 21 दिवसांनी बाहेर पडते, नर 24 दिवसांनी. झाकलेल्या घरात मिळणाऱ्या जादा दिवसांत किडीच्या अधिक माद्या पूर्ण वाढतात.

तिच्या या ओढीवरच नरांच्या चौकटीचा उपाय उभा आहे. मोठ्या घरांचा मेणपत्रा लावलेली एक चौकट पिलाव्याशेजारी ठेवायची, घरं झाकली गेली की काढून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायची. पोळं दर वेळी कापून टाकू नका. एक किलो मेणासाठी माश्यांचा सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. गोठवलेली चौकट परत दिली तर माश्या ती स्वतः साफ करतात.

खरा खर्च फेऱ्यांचा. पेट्यांपर्यंतची एक फेरी 500 रुपयांची आणि पेट्या पाच असतील, तर चौकट ठेवणं आणि काढणं मिळून पेटीमागे 200 रुपये होतात. त्यात दुसरी फेरी चुकली तर सगळंच उलटतं: 24वा दिवस उलटला की नरांबरोबर कीडही बाहेर पडते, म्हणजे आपणच ती पोसली. ज्यांच्या पेट्या दूर शेतावर आहेत, त्यांनी ही चौकट लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळेवर काढली तरी एकट्या चौकटीवर विसंबू नका, महिन्याभराने पुन्हा मोजा.

औषधांपैकी फॉर्मिक आम्लाची वाफ झाकलेल्या घरांतही पोचते, ऑक्झॅलिक पोचत नाही. पण फॉर्मिक कडक उन्हाळ्यात वापरलं तर राणी दगावू शकते. हातमोजे आणि चष्मा यांचे पैसे वाचवू नका.

सातेरी पाळणाऱ्यांना यातलं बहुतेक काही लागत नाही. वरोआचं मूळ घर याच जातीत. तिथे ती जवळजवळ फक्त नरांच्या पिलाव्यातच वाढते, आणि कामकरी माश्या ती वेचून काढतात.