पडलेला कडुनिंब, चेनसॉ आणि नऊ फळ्या



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या आवारातला कडुनिंब रात्रीच्या वाऱ्यात पडला. भिंत वाचली, पाण्याची टाकी वाचली. सकाळी पोरे जमली आणि दुपारपर्यंत दोन प्रस्ताव आमच्या टेबलावर आले. एक, जळणाच्या भावाने विकून टाका. दुसरा, याच्या फळ्या काढा व बालवाडीसाठी बाके करा. विश्वस्तांनी दुसरा मान्य केला. त्या कामात आम्ही जे शिकलो ते या अंकात लिहीत आहोत, आणि एक चूकही सांगणार आहोत, कारण काही पालकांनी त्याबद्दल विचारले आहे व त्यांचे विचारणे बरोबर आहे.

प्रथम परवानगीबद्दल. झाड आपल्या आवारातले असले, आपोआप पडलेले असले, तरी पालिकेच्या उद्यान विभागाला कळवूनच हात लावावा. आरा मशीनचे नियम तर आणखी कडक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर देशभर विनापरवाना सॉ मिलवर बंधने आली. म्हणून कोणी 'रात्री चिरून देतो' म्हटले तर नको म्हणावे.

लाकडाशी आपल्या भागाचे नाते जुने आहे. डांगच्या सागवानासाठी इंग्रजांनी १८४२ मध्ये तिथल्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या काळात बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची छोटी रेल्वे झाली, तिचे मोठे काम डांगचे लाकूड खाली आणणे हेच होते. जहाज बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतचेच. ते १७३६ मध्ये मुंबईला गेले. त्यांच्या घराण्याने मुंबईत सागवानाचे बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे १८१७ चे जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. आणि मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेले ते आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरहून.

पूर्वी हे सारे लाकूड दोन माणसे चिरत. ओंडका उंच मांडीवर चढवायचा, एक आराकस वर, दुसरा खाली, आणि लांब करवत दिवसभर वर-खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. आमच्या लहानपणी असे काम आम्ही पाहिले आहे.

चेनसॉची गोष्ट गमतीची आहे. साखळीची करवत प्रथम झाडासाठी नव्हे, हाड कापण्यासाठी झाली. १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी हाताने फिरवायचे तसे शस्त्र केले. झाडासाठी विजेवर चालणारी करवत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये आणली. ती उचलायला दोन माणसे लागत. दात मात्र लवकर बोथट होत. मग १९४६ मध्ये अमेरिकेत ओरेगनच्या जो कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे बारकाईने पाहिले. अळी डावीकडे-उजवीकडे चावत पुढे जाते. त्यांनी साखळीला एक दात डावा, एक दात उजवा असा क्रम दिला. आजची साखळी त्याच घडणीची आहे. विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना नेहमी सांगतो, किड्याला मारण्याआधी जरा बघा.

आता देखभाल. यात आम्ही थोडे लांबण लावणार आहोत, कारण आपल्या वस्तीतल्या काही घरांत हे यंत्र रोजीरोटीचे आहे.

इंजिन दोन स्ट्रोकचे असते, म्हणून पेट्रोलातच तेल मिसळावे लागते. चांगल्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण बहुतेक यंत्रांत ५० ला १, म्हणजे एक लिटरला २० मिलिलिटर. साधे तेल असेल तर २५ ला १, म्हणजे ४० मिलिलिटर. यंत्राच्या पुस्तिकेत जे लिहिले ते खरे. अंदाजाने ओतू नये. तेल कमी पडले तर पिस्टन घासून बसतो आणि दुरुस्तीचा खर्च जवळपास नव्या यंत्राचा होतो. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि यंत्र महिनाभर ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी.

साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. पुष्कळ जण त्यात गाडीचे काढलेले काळे तेल घालतात. फुकट मिळते खरे, पण त्यात धातूचा कीस असतो, पंप खराब होतो, आणि ते तेल उडून कारागिराच्या अंगावर येते. आम्ही बोलावलेल्या वघईकडच्या कारागिरांनी स्वतःच सांगितले, "सर, दहा वर्षे तेच घातले, मग डॉक्टर म्हणाले हाताची खाज त्याचीच."

धार लावायची ती गोल कानशीने. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. हिंदीत कानशीला 'रेती' म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही शिपाईभाऊंना "रेती आणा" म्हटले आणि ते घमेलेभर वाळू घेऊन आले.) कानशीची जाडी साखळीप्रमाणे बदलते, लहान साखळीला ४ मिलिमीटर, ०.३२५ इंचाच्या साखळीला ४.८ मिलिमीटर. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची, परत येताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात द्यायचे, नाहीतर करवत एका बाजूला वळते आणि फळी तिरकी निघते. दातापुढचा छोटा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो कोणी जास्त घासला तर दात लाकडाला एकदम पकडतो आणि यंत्र झटके देते.

आडवे कापताना दाताचा कोन सुमारे ३० अंश असतो. लांबीत चिरताना, म्हणजे फळ्या काढताना, १० अंशाची वेगळी साखळी चांगली. आडव्या कापात भुशाऐवजी बारीक पूड येऊ लागली की साखळी बोथट झाली असे समजावे. चिरताना पूड बारीकच येते, त्यावरून फसू नये. यंत्र रेटावे लागते का ते बघावे. साखळीचा ताण थंड असताना पाहावा: पट्टीच्या खालच्या बाजूला टेकलेली, पण हाताने ओढल्यास सरकणारी. कामाने तापली की ती लांबते. तेव्हा घट्ट केली असेल तर काम संपल्यावर सैल करावी, कारण थंड होताना ती आखडते. पट्टीची खाच साफ करावी, पट्टी मधूनमधून उलटी बसवावी, हवेचा फिल्टर रोज झटकावा.

आता गणित. बुंध्याचा घेर सुमारे साडेत्रेपन्न इंच, म्हणून व्यास १७ इंच. त्यातून मोठ्यात मोठा चौकोन किती? नववीच्या मुलांनी पायथागोरसने काढले: १७ भागिले १.४१४, म्हणजे १२ इंच, अर्थात ३०५ मिलिमीटर. एक फळी २५ मिलिमीटरची. चेनसॉचा प्रत्येक काप साधारण ९ मिलिमीटर लाकूड खातो. नऊ फळ्यांचे २२५ आणि आठ कापांचे ७२, मिळून २९७, उरले ८. वखारीतल्या बँड सॉचा काप ३ मिलिमीटर धरला तर अकरा फळ्यांचे २७५ आणि दहा कापांचे ३०, बरोबर ३०५. म्हणजे आपण दोन फळ्या भुशात घालवल्या. मग वखारीत का नेला नाही? ओंडका गल्लीतून निघत नव्हता, टेम्पोभाडे वेगळे, आणि आपल्या झाडात इतक्या वर्षांचे फलकांचे खिळे होते. खिळे असलेले शहरी लाकूड वखारवाले घेत नाहीत. आम्हीही अकरा खिळे उपटले, बाराव्याने एक साखळी खाल्ली. सागवान असते तर मात्र आम्ही वखारीतच नेले असते.

पहिला काप सर्वात महत्त्वाचा. ओंडक्यावर सरळ फळी ठोकून तिच्या आधाराने यंत्राची चौकट सरकवतात. ती फळी वाकडी तर पुढच्या सर्व फळ्या वाकड्या.

आता आमची चूक. फळ्यांच्या आदल्या दिवशी फांद्या तोडणे चालू होते. मुलांना बघू द्यावे म्हणून आम्ही दोरी न बांधता फक्त "लांब राहा" असे सांगितले. नववीतला एक मुलगा मदत म्हणून फांदी धरायला पुढे गेला, पायात चप्पल. त्याच वेळी पट्टीच्या टोकाचा वरचा भाग मागे लपलेल्या फांदीला लागला आणि यंत्र उसळून वर आले. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने फिरते. अशा उसळीत माणसाला विचार करायला वेळ नसतो. कारागिराच्या मनगटाचा धक्का लागून पुढचा ब्रेक पडला आणि साखळी थांबली. मुलगा दोन हातांवर होता. कारागिरांचा दोष नाही. ते काम आमच्या आवारात, आमच्या देखत चालू होते. त्या मुलाच्या वडिलांना आम्ही संध्याकाळी घरी जाऊन सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सर, सुट्टीत तो मामाबरोबर याच कामाला जातो."

म्हणून पालकांना स्पष्ट सांगतो. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा मनाई करतो, आणि चौदाच्या आतील मुलांना तर बहुतेक सर्व कामास. मामाचा धंदा चांगला आहे, मुलाने अठरा झाल्यावर जरूर शिकावा, बूट, चष्मा, हेल्मेट, कानावर बंद आणि पायाला जाड आवरण घालून शिकावा. सुरू करताना यंत्र जमिनीवर, पाय मागच्या मुठीत, ब्रेक लावलेला. हातात लटकवून दोरी ओढू नये. पट्टीच्या टोकाने कापू नये. खांद्याच्या वर यंत्र नेऊ नये.

आम्ही त्या मुलाला फळ्यांचे काम दिले आहे. टोकांना जुना रंग लावून, मध्ये सारख्या पट्ट्या ठेवून त्या मागच्या पडवीत रचल्या आहेत. इंचभर जाडीला वाळायला साधारण एक वर्ष लागते. तो आणि आठवीची दोन मुले दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका तुकड्याचे वजन करून वहीत लिहितात. पहिल्या तीन महिन्यांत वजन भराभर उतरले, आता हळूहळू उतरते आहे. सलग दोन महिने आकडा सारखा आला की सुतारकाका येतील. ज्यांच्याकडे रंधा पडून असेल त्यांनी कार्यालयात कळवावे.