कीटकनाशकांची विक्री : परवाना आणि जबाबदारी

१९५८ साली केरळ व तत्कालीन मद्रास राज्यात विषबाधेने शंभराहून अधिक माणसे दगावली. पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्नपदार्थ त्यांच्या खाण्यात आले होते. या दुर्घटनेच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला. पुढे संसदेने कीटकनाशके अधिनियम, १९६८ संमत केला आणि त्याखालील नियम १९७१ मध्ये अमलात आले. परवान्याच्या प्रत्येक अटीमागे असा अनुभव उभा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अटी केवळ कागदी वाटत नाहीत.

परवाना कोणास मिळतो?

अधिनियमाच्या कलम १३ अन्वये परवान्याशिवाय कीटकनाशके विकता येत नाहीत. विक्रीची ठिकाणे एकाहून अधिक असल्यास प्रत्येक ठिकाणासाठी स्वतंत्र परवाना लागतो. पूर्वी विक्रेत्याच्या शिक्षणाची अट नव्हती. २०१५ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ती आली. कृषी, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान वा जीवशास्त्र यांतील पदवी, अथवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र या विषयासह विज्ञानाची पदवी विक्रेत्याजवळ असावी, असे त्या दुरुस्तीने ठरविले. ती नसेल तर अशी पात्रता असलेली व्यक्ती त्याने नोकरीस ठेवावी. जुन्या विक्रेत्यांना ही पात्रता मिळविण्यासाठी मुदत देण्यात आली. हैदराबाद येथील 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने २००३ पासून कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. व्यवसाय सांभाळून तो पूर्ण करता येतो.

दुकानातील दक्षता

कीटकनाशके खाद्यपदार्थांपासून दूर, स्वतंत्र खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावी लागतात. खोली कोरडी, उजेडाची व हवेशीर असावी. मुदत संपलेला माल ताबडतोब वेगळा काढून त्यावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारावा आणि तो निराळ्या जागी ठेवावा. साठ्याची नोंदवही ठेवणे व ग्राहकास पावती देणे हीही विक्रेत्याची कर्तव्ये होत. माल सदोष निघाल्यास दाद मागण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती हीच पावती असते.

डब्यावरील चौकोनाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. हिरव्या खुणेचे औषधही विषच असते, हे विसरता कामा नये.

तपासणी आणि कारवाई

कीटकनाशक निरीक्षक दुकानाची तपासणी करून नमुने घेऊ शकतात. नमुन्याचे तीन भाग केले जातात. एक विक्रेत्याकडे राहतो, दुसरा विश्लेषकाकडे जातो आणि तिसरा न्यायालयासाठी राखला जातो. त्यामुळे विक्रेत्यावरही अन्याय होत नाही. अटींचा भंग झाल्यास परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. अशा आदेशाविरुद्ध अपील करण्याची तरतूद आहे.

गल्ल्यापलीकडे

कायद्याची नजर दुकानापर्यंत पोहोचते, फवारणी मात्र शेतात होते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांतील कित्येक जण प्राणास मुकले. शेतकऱ्याला औषधाची मात्रा, मिश्रण आणि हातमोजे-मुखपट्टीची गरज सांगू शकणारी शेवटची जाणकार व्यक्ती बहुधा विक्रेताच असतो. पदवीची अट घातली ती याचसाठी. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले आणि गल्ल्यावर अजाण नोकर बसलेला, अशी स्थिती असेल तर नियमाचा हेतूच विफल होतो.

येथे गावानेही जागरूक राहावयास हवे. खरिपापूर्वीच्या ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी पावतीचा आग्रह धरण्यास सांगावे, विनापरवाना विक्री आढळल्यास पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यास कळवावे. शिक्षकांनी मुलांना डब्यावरील चार रंग ओळखावयास शिकवावे. लिहितावाचता न येणाऱ्या पालकांपर्यंत ही माहिती मुलांच्या तोंडूनच सहज पोहोचेल.