सारखी उष्णता, पण वितळणे सारखे नाही

हॉबीच्या तासाला मी बॅटरीच्या पातळ निकेल पट्टीला तांब्याची जाड तार सोल्डर करत होतो. जोड दिसायला ठीक, पण ओढला की सुटायचा. सरांनी विचारले, “आयर्न दोघांना सारखेच लावलेस, पण दोघे सारखे तापले का?” उत्तर शोधताना मी लेसर वेल्डिंगपर्यंत पोहोचलो.

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, निकेल १४५५ अंशांना. दोघांच्या कडा भिडवून बरोबर मधोमध लेसर सोडला, तर आधी काय वितळेल? मी तांबे म्हणालो असतो. आपल्याच बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत फणीकुमार, दत्ता आणि चट्टोपाध्याय या संशोधकांनी या जोडाचे गणित संगणकावर मांडले आणि प्रयोगाशी ताडून पाहिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उत्तर उलटे आले: आधी निकेल वितळते.

याचे कारण असे, की तांबे निकेलपेक्षा चौपटीहून जास्त उष्णता वाहून नेते. मिळालेली उष्णता त्यात एका जागी टिकतच नाही. निकेलमध्ये ती साठते. म्हणून लेसर मधोमध असला तरी वितळलेल्या धातूचे डबके एका बाजूला झुकते. माझ्या जाड तारेनेही आयर्नची उष्णता अशीच पळवली होती.

नुसते वितळून भागत नाही, मिसळणेही जमले पाहिजे. तांबे व निकेल कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. पाच रुपयांचे जुने जाड नाणे याच मिश्रणाचे आहे. तांबे व ॲल्युमिनियम मात्र एकत्र वितळले की मध्ये ठिसूळ थर तयार होतो आणि जोड तिथेच तडकतो. लेसरचा झोत बारीक असतो व भरभर पुढे सरकतो. त्यामुळे थोडाच धातू वितळतो, लगेच थिजतो आणि ठिसूळ थर पातळ राहतो. झोत मुद्दाम एका धातूकडे किंचित सरकवूनही मिश्रण आवरता येते. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत वेगवेगळ्या धातूंचे अनेक जोड असतात. तिथे कच्चा राहिलेला जोड तापतो आणि धोका होतो.

पुढच्या तासाला मी आयर्न आधी तारेवर धरले. ती नीट तापल्यावर पट्टीला टेकवले. जोड ओढून पाहिला, टिकला.

कॅडेट मित्रांनो, गरम चहात स्टीलचा चमचा आणि तेवढीच लांब, जाड तांब्याची तार उभी ठेवा. दोन मिनिटांनी वरची टोके जपून चाचपा. सरांच्या प्रश्नाचे उत्तर बोटांनाच कळेल.