आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि नंतरचे जीवन

महोत्सवाच्या स्मरणिकेत शौचाविषयी लिहावे काय, असा संकोच आम्हांसही वाटला. परंतु चिक्कडपल्ली, बरकतपुरा, काचीगुडा या भागांतील आपल्या घरांतून जे दुखणे केवळ संकोचापायी वाढते, त्याविषयी चार माणसे एकत्र जमली असताना बोलावयाचे नाही, तर मग केव्हा? शौचावाटे रक्त पडले की 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन् महिने घरगुती औषधे चालतात. पुढे निदान होते, आणि डॉक्टरांनी 'पोटावर पिशवी' हा शब्द उच्चारताच 'त्यापेक्षा मरण पत्करले' असे उद्गार निघतात. हे उद्गार अज्ञानातून येतात. म्हणून हा लेख.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागास गुदाशय म्हणतात. लंडनचे शल्यवैद्य अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली गुदाशय व गुदद्वार समूळ काढून पोटावर शौचाचा कायमचा मार्ग करण्याची शस्त्रक्रिया मांडली. माणसे वाचू लागली, पण किंमत मोठी होती. पुढे इंग्लंडमधीलच बिल हील्ड यांनी १९८० च्या सुमारास, गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड राखून गुदाशयासह काढले तर रोग तेथे पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण फार घटते, असे दाखवून दिले. त्यामुळे व टाके घालणाऱ्या यंत्रांमुळे आज अनेकांचा नैसर्गिक मार्ग राखता येतो. आपल्या देशात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. गोमंतकीय शल्यवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी तेथेच नाव मिळविले. आपल्या शहरात रेड हिल्स येथील मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय १९५५ पासूनचे आहे.

आता उपद्रवांकडे वळू. रोगट भाग काढल्यावर आतड्याची दोन टोके जोडतात. हा जोड रक्तपुरवठ्यावर भरून येतो. धूम्रपान, अशक्तपणा, पूर्वी घेतलेले किरणोपचार, किंवा जोड गुदद्वाराच्या अगदी जवळ असणे, यांमुळे तो झिरपण्याचा धोका वाढतो. ताप, नाडी जलद चालणे, पोट फुगणे, वेदना कमी होण्याऐवजी वाढणे ही त्याची लक्षणे. ती बहुधा पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत, क्वचित घरी आल्यावरही दिसतात. अशा वेळी एक रात्रही थांबू नये. याखेरीज जखमेत पू होणे, छातीत कफ साठणे, पायांत रक्ताच्या गुठळ्या होणे हेही संभवते. म्हणूनच डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून चालावयास लावतात. त्यास निर्दयपणा समजू नये.

जोडाला विसावा मिळावा म्हणून पुष्कळदा लहान आतड्याचे तोंड काही महिने पोटावर आणतात व पुढे बंद करतात. म्हणजे प्रत्येक पिशवी जन्माची नसते. पोटावरील तोंड ओठाच्या आतील भागासारखे लाल व ओलसर असते. स्पर्शाने दुखत नाही. ते काळपट पडले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पिशवी अर्धी भरण्यापूर्वीच रिकामी करावी, भोवतालची त्वचा साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी. लहान आतड्याच्या तोंडातून पाणी व क्षार फार जातात. हैदराबादच्या उन्हाळ्यात अशा रुग्णास नुसते पाणी पुरत नाही, क्षारयुक्त पाणी द्यावे लागते. जड वजन उचलल्यास तोंडाशेजारी हर्निया होण्याची भीती असते.

ज्यांचा मार्ग राखला गेला त्यांचेही सर्व पूर्ववत होते असे नाही. गुदाशय हे शरीराचे कोठार. ते गेल्यावर साठवण कमी होते. दिवसातून अनेकदा शौचास जावे लागते, घाई होते, झाल्यासारखे वाटत नाही. वर्षभरात बहुतेकांना आराम पडतो. काहींचा त्रास राहतो. आहारातील बदल, औषधे व स्नायूंचे व्यायाम यांचा उपयोग होतो. जवळच्या मज्जातंतूंना इजा झाल्यास लघवीच्या व वैवाहिक जीवनाच्या तक्रारी उद्भवतात. त्याविषयी शस्त्रक्रियेपूर्वीच पतिपत्नींनी मिळून डॉक्टरांना विचारावे. यात लाज कसली? तपासण्या मात्र निदान पाच वर्षे चुकवू नयेत.

आमच्या मते औषधाने न भरणारी जखम वेगळीच आहे. पिशवी असलेला माणूस पंगतीस येत नाही, भजनास मागे बसतो, लग्नाचे आमंत्रण टाळतो. काही घरांत त्याचे ताट-वाटीही निराळे होते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, आणि नीट बसविलेल्या पिशवीचा वास येत नाही. मुंबईच्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांतून अशीच माणसे एकमेकांस धीर देतात. डॉक्टरांच्या तासाभराच्या बोलण्याने जे होत नाही, ते पिशवी लावून कामावर जाणाऱ्या एका माणसाच्या भेटीने होते.

आपल्या संस्थेने आजवर विद्यार्थ्यांस पुस्तके व गरजूंस औषधे पुरविली. पिशव्यांचा खर्च महिन्यामागून महिना चालू राहतो; त्यासाठी थोडा निधी बाजूस काढता आला तर उत्तमच. तेही न जमले तरी एक गोष्ट विनाखर्च करण्याजोगी आहे. पुढील स्नेहसंमेलनाच्या पंगतीत अशा बांधवास हाताला धरून आपल्या शेजारच्या पाटावर बसवावे.