जुनी गाडी भंगारात देताना

दारात आलेला भंगारवाला गाडीभोवती एक चक्कर मारतो, टायरला पाय लावून बघतो आणि म्हणतो, "काका, पंधरा हजार. आत्ता रोख, गाडी आम्हीच उचलून नेऊ." पंधरा कुठून आले ते तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. सोयाबीनचा भाव शंभर रुपयांनी पडला तर वाशिमच्या यार्डात आपण दोन आडत्यांशी भांडतो. गाडीच्या बाबतीत मात्र पहिल्या आकड्याला मान डोलावतो. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर तो आकडा तुम्हाला आधीच माहीत असेल.

आधी ठरवा: द्यायचीच का?

पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार उचलून नेतं, ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर दर सहा महिन्यांनी उगवते. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी हा वाद दिल्ली परिसराचा आहे, वाशिमचा नाही. पंधरा वर्षांनी सक्तीने मोडीत निघतात त्या सरकारी गाड्या, १ एप्रिल २०२३ पासून. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण तपासणीत पास झाली तर पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

त्याचा खर्च असा. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. गाडी वीस वर्षांवर गेली असेल तर ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. वर पर्यावरण कर पाच वर्षांसाठी पेट्रोलला ३,००० आणि डिझेलला ३,५०० रुपये. मुदत उलटून गेली असेल तर विलंब शुल्क, शिवाय विमा आणि पास होण्याइतपत दुरुस्ती. ही बेरीज कागदावर मांडा.

माझं मत विचाराल तर इंजिन चांगलं आणि पत्रा शाबूत असलेली गाडी भंगारात देऊ नये. आरसी वाढवून ती रीतसर विकली तर लोखंडाच्या भावापेक्षा चार पैसे जास्तच येतात. पण नोंदणी संपलेली, चेसिस गंजलेली किंवा तीन पावसाळे उघड्यावर उभी असलेली गाडी ठेवून उपयोग नाही. ६ जानेवारी २०२५ ला केंद्राने मोडीत निघालेल्या वाहनांसाठी नवे पर्यावरण नियम काढले. ते १ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत आणि त्यांत मालकावरही जबाबदारी आहे. गाडी कायद्याने मोडीत निघाली की १८० दिवसांत ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात, कंपनीच्या विक्री केंद्रात किंवा अधिकृत संकलन केंद्रात जमा करायची. शेतीचा ट्रॅक्टर या नियमांतून वगळला आहे. वावरात जाते म्हणून जीप मात्र वगळलेली नाही.

कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून भावाच्या आधी हे काम काढा.

मूळ आरसी, मालकाचं आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि विम्याची शेवटची पॉलिसी एका पिशवीत ठेवा. आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का बघा. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलं असलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. बोजा असलेली, चोरीची नोंद असलेली किंवा पोलीस प्रकरणात अडकलेली गाडी कुठलंही अधिकृत केंद्र घेत नाही.

आपल्या जिल्ह्याचा एक खास घोळ आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या कितीतरी गाड्या एमएच-३० पासिंगच्या आहेत, एमएच-३७ नंतर आला. शिवाय पुण्या-मुंबईहून सेकंडहँड आणलेल्या गाड्या आहेतच. नोंदणी रद्द होते ती ज्या आरटीओच्या दप्तरी गाडी आहे तिथे. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद 'वाहन' प्रणालीत कधीकधी चढलेलीच नसते. एमपरिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाका. गाडी दिसली नाही तर संबंधित आरटीओत बॅकलॉग एन्ट्रीसाठी अर्ज करा. नोंद चढल्याशिवाय स्क्रॅपचं काम पुढे सरकत नाही. गाडी दिसली तर नोंदीत मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, हेही बघून घ्या.

गाडी अजून आधीच्याच मालकाच्या नावावर असेल तर आधी नाव चढवा, फॉर्म २९ आणि ३०. वडिलांच्या नावावर असेल आणि वडील नसतील तर मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म ३१. भाऊ-बहिणींच्या सह्या घ्यायला कंटाळू नका. पंधरा-वीस हजारांवरून पुढे घरात तोंड फिरवण्यापेक्षा एक दिवस बसून कागद करणं बरं.

भाव काढायचा कसा

आरसीवर 'अनलेडन वेट' म्हणून एक आकडा असतो, ते गाडीचं रिकामं वजन. मारुती ८०० सुमारे ६५० किलोची, टाटा इंडिका साधारण एक टनाची. या वजनातलं लोखंड-पोलाद ढोबळ मानाने ६५ टक्के धरा. बाकी काच, रबर, प्लास्टिक, फोम आणि थोडं तांबं-अ‍ॅल्युमिनियम.

आता दर. वाशिम आणि अकोल्याच्या दोन-तीन भंगार व्यापाऱ्यांना फोन करा आणि पत्र्याचा दर वेगळा, जाड लोखंडाचा वेगळा विचारा. गाडीत पत्राच जास्त, त्यामुळे जाड लोखंडाचा दर सांगून कुणी तुम्हाला खूश केलं तर हुरळून जाऊ नका. आपल्या भागातल्या भंगाराची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे जालन्याच्या पोलाद भट्ट्या. तिथे भंगार वितळून सळई होते आणि तीच सळई आपल्या स्लॅबमध्ये येते. सळईला मागणी असली की भंगार चढतं, मागणी बसली की उतरतं.

हिशेब समजावा म्हणून दर किलोला ३० रुपये धरू. तुमच्या दिवशीचा दर वेगळा असेल.

मारुती ८००: ६५० चे ६५ टक्के म्हणजे सुमारे ४२२ किलो, गुणिले ३०, म्हणजे साडेबारा हजारांच्या वर थोडं.
इंडिका: ६५० किलो गुणिले ३०, म्हणजे १९,५०० रुपये.

यात बॅटरीतल्या शिशाची, वायरिंगच्या तांब्याची, अ‍ॅलॉय व्हील असतील तर त्यांची आणि चालू स्थितीतल्या टायरांची भर पडते. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू अगदी थोड्या प्रमाणात असतात. सायलेन्सर बदलताना कुणी तो डबा काढून घेतला असेल तर केंद्रवाले ते ओळखतात आणि भाव कमी करतात.

मग कटती. यार्डात काडीकचरा आणि ओलाव्याच्या नावाने कापतात, तशीच इथे काच, सीट आणि माती यांच्या नावाने कापतात. कटती असणारच, फक्त ती किती हे आधी बोलून घ्या. दोन भाव मागा: एक पूर्ण गाडीचा, दुसरा बॅटरी-टायर-म्युझिक सिस्टिम काढून घेतलेल्या गाडीचा. दोन्हींतला फरक बघून काय काढायचं ते ठरवा. तांब्यासाठी वायरी जाळायच्या भानगडीत पडू नका, त्या धुराने गोठ्यातली जनावरंही खोकतात. एअरबॅगला तर हातच लावू नका.

२०२१ मध्ये वाहन स्क्रॅप धोरण जाहीर करताना सरकारने नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगार मूल्य मिळेल असं सांगितलं होतं. पाच लाखांच्या गाडीला ते २० ते ३० हजार होतात. तो अंदाज आहे, हमीभाव नव्हे. केंद्रावर जाऊन त्यावरून भांडण काढू नका.

कागदाची किंमत

अधिकृत केंद्र गाडी घेतं तेव्हा 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' देतं. बहुतेक लोक ही पावती समजून खिशात कोंबतात. वास्तविक नवी कार घेणाऱ्यासाठी या कागदाची किंमत लोखंडाच्या किमतीच्या जवळपास जाते.

उदाहरण बघा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला एकरकमी कर ११ टक्के. सहा लाखांच्या गाडीला तो ६६,००० रुपये होतो. स्क्रॅपचं प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला मिळणारी करसवलत राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये १० वरून १५ टक्के केली. म्हणजे ९,९०० रुपये वाचले. नव्या गाडीचं नोंदणी शुल्कही माफ होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कार कंपन्यांनीही मर्यादित काळासाठी सवलत जाहीर केली होती: किमतीच्या दीड टक्का किंवा २०,००० रुपये, जे कमी असेल ते. आता अशी सवलत चालू आहे का, हे शोरूममध्ये आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. करसवलतीला कारच्या बदल्यात कारच घ्यायची, मुदतीत घ्यायची, अशा अटी आहेत. त्या प्रमाणपत्र हातात येण्याआधीच आरटीओत नीट विचारून घ्या.

नवी गाडी घेणार नसाल तरी हे प्रमाणपत्र रीतसर दुसऱ्याच्या नावावर करून देता येतं. जावयाला गाडी घ्यायची असेल तर त्याला द्या.

दारातला भंगारवाला हा कागद देऊ शकत नाही. त्याच्या रोख पंधरा हजारांत तुमची आरसी जिवंतच राहते. उद्या तुमचा नंबर आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढला तर चलन आणि पोलीस तुमच्याच दारात येणार. म्हणून तो दोन हजार जास्त देत असला तरी तो सौदा महाग आहे.

केंद्र निवडणं आणि गाडी पोचवणं

परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहन स्क्रॅपिंगच्या पानावर नोंदणीकृत केंद्रांची यादी आहे. कुठल्याही आरटीओची गाडी कुठल्याही नोंदणीकृत केंद्रावर चालते, त्यामुळे जिल्ह्यातच केंद्र हवं असा हट्ट नको. तीन केंद्रांना आरसीचा आणि गाडीचा फोटो पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: गाडी माझ्या दारातून उचलून, सगळी कटती धरून, खात्यात किती जमा होतील? किलोचा चढा दर सांगून क्रेनचे पैसे मागाहून कापणारे असतात.

बंद गाडी एकटीच लांब न्यायची तर भाड्यातच निम्मे पैसे जातात. गावात किंवा शेजारच्या गावात अशा आणखी दोन-तीन गाड्या उभ्या असतीलच. त्यांच्या मालकांना गाठून एकच मोठा वाहक बोलवा. शेलूबाजार, मालेगाव किंवा कारंजाजवळून समृद्धी महामार्गावर चढता येतं, पण टोलसह भाडं आधी ठरवा.

देण्याच्या दिवशी

डिक्की, डॅशबोर्ड आणि सीटखालची जागा रिकामी करा. जुन्या गाडीत घराच्या चाव्यांपासून सात-बाऱ्यापर्यंत काहीही निघतं. फास्टॅग काढा आणि बँकेला सांगून बंद करा. एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर टाकीत गॅस आहे का ते केंद्राला स्पष्ट सांगा.

मग चेसिस नंबर. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर तो कोरलेला असतो. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने तिथला काळा थर पुसा आणि कोरडं झाल्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासा. अक्षरं कागदावर उमटतात. ती आरसीशी एकेक करून जुळवा. एखादं अक्षर जुळलं नाही तर गाडी हलवू नका, आधी आरटीओत जा.

गाडी निघण्याआधी जवळच्या धर्मकाट्यावर वजन करून पावती घ्या. तुरीच्या आणि सोयाबीनच्या ट्रॉल्या जिथे तोलतात तोच काटा चालतो. केंद्राचं वजन यापेक्षा फार कमी आलं तर बोलायला तुमच्या हातात कागद असतो. चारही बाजूंनी, नंबर प्लेटसह फोटो काढा. गाडी नेणाऱ्याच्या हातात मूळ आरसी देण्याआधी त्याच्याकडून केंद्राच्या शिक्क्याची पोच घ्या. पैसे रोख नकोत, खात्यातच हवेत.

नंतर

आधी सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट येतं. गाडी प्रत्यक्ष मोडल्यावर 'सर्टिफिकेट ऑफ व्हेइकल स्क्रॅपिंग' वेगळं मिळतं. ते मागून घ्या. काही दिवसांनी एमपरिवहनवर नंबर टाकून नोंदणी रद्द दिसते का बघा. विमा शिल्लक असेल तर कंपनीला कळवा. पॉलिसीवर नो क्लेम बोनस असेल तर तो राखून ठेवल्याचं पत्र घ्या. नव्या गाडीला तो तीन वर्षांपर्यंत चालतो.

गाडी आधीच कुणाला कागदाविना देऊन बसला असाल तर गप्प बसू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाल्याचं किंवा कायमची निकामी झाल्याचं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. उशीर झाला असला तरी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

दोन्ही प्रमाणपत्रं, काट्याची पावती आणि आरसीची झेरॉक्स एका फाइलला लावून सात-बाऱ्याच्या पेटीत ठेवा. त्या नंबरचं चलन कधी आलंच, तर दाखवायला हेच कागद लागतील.