पाठीवरचा टाका

नोव्हेंबर महिन्यात जपानमध्ये हवेत गारवा येतो. झाडांची पाने लाल-पिवळी होतात. अशा दिवसांत तेथील शिंतो देवालयांच्या आवारात नटूनथटून आलेली लहान मुले दिसतात. त्यांच्या एका हातात आईचे बोट आणि दुसऱ्या हातात लांबट कागदी पिशवी असते. हा 'शिची-गो-सान' म्हणजे 'सात-पाच-तीन' नावाचा सोहळा होय. त्याचा दिवस १५ नोव्हेंबर. तीन आणि सात वर्षांच्या मुली आणि पाच वर्षांचे मुलगे यात भाग घेतात. काही ठिकाणी तीन वर्षांच्या मुलग्यांनाही नेतात.

पिशवीत काडीसारखी लांब, लाल-पांढरी मिठाई असते. तिच्या नावाचा अर्थ 'हजार वर्षांची मिठाई' असा आहे. मुलाला उदंड आयुष्य लाभावे, ही त्यामागची इच्छा. पूर्वी जपानमध्ये अनेक मुले लहानपणीच दगावत. म्हणून मूल वाढत गेले, की आईवडील कृतज्ञतेने देवालयात जात.

हीच काळजी मुलांच्या किमोनोतही दिसते. किमोनो म्हणजे कापडाच्या सरळ पट्ट्या जोडून शिवलेला, लांब बाह्यांचा पोशाख. मोठ्यांच्या किमोनोला पाठीवर मधोमध शिवण असते. जपानी भाषेत शिवणीला जो शब्द आहे, त्यात 'डोळा' हा शब्द येतो. म्हणून ही शिवण पाठीमागून येणाऱ्या संकटावर नजर ठेवते, असे लोक मानत. पण तान्ह्या बाळाची पाठ इवलीशी! तिला कापडाची एकच पट्टी पुरते. मग शिवण कुठून येणार? म्हणून आई बाळाच्या किमोनोच्या पाठीवर रंगीत दोऱ्याने मुद्दाम काही टाके घाली. तेच बाळाचे रक्षण करतील, अशी तिची श्रद्धा होती.

मुलगा पाच वर्षांचा झाला, की त्याला प्रथमच 'हाकामा' नेसवतात. हाकामा म्हणजे मोठ्या चुण्यांचे, घेरदार वस्त्र. पूर्वी सामुराई योद्ध्यांच्या घराण्यांत हा मोठा संस्कार मानला जाई. किमोनोवर 'हाओरी' नावाचा आखूड अंगरखा घालतात. त्यावर घराण्याचे चिन्ह असते. कमरेच्या पट्ट्यात पंखा खोवतात. मुलाचा किमोनो मोठाच शिवतात आणि खांद्यावर व कमरेवर दुमडून टाके घालतात. मूल वाढले, की टाके उसवायचे!

या कपड्यांवर ससाणा, शिरस्त्राण किंवा धबधबा चढणारा मासा अशी चित्रे असतात. मुलाने तीक्ष्ण नजरेचे, शूर आणि चिकाटीचे व्हावे, असे ती सांगतात.

पण एक काळ वेगळा आला. १९३१ साली जपानी सैन्याने चीनच्या मांचुरिया प्रांतावर हल्ला केला. पुढे १९४५ पर्यंत युद्धे चालली. त्या काळात मुलग्यांच्या किमोनोवर लढाऊ विमाने, रणगाडे आणि युद्धनौका छापल्या जाऊ लागल्या. ज्या वस्त्राने बाळाचे रक्षण करायचे, त्यावरच युद्धाची चित्रे आली. युद्धात लाखो तरुण मारले गेले. तसे काही किमोनो आज वस्तुसंग्रहालयांत पाहायला मिळतात.

आज पुष्कळ कुटुंबे सोहळ्यासाठी किमोनो भाड्याने आणतात. मुलाचे छायाचित्र काढतात आणि कपडे परत करतात. तरी आईवडिलांची इच्छा पूर्वीचीच आहे. मुलाने सुखरूप मोठे व्हावे, एवढेच ते मागतात.

शब्दार्थ
दगावणे – मरण पावणे
कृतज्ञता – उपकाराची जाणीव
चुण्या – कापडाला घातलेल्या घड्या
शिरस्त्राण – डोक्याच्या रक्षणासाठी घालायचा लोखंडी टोप
उसवणे – शिवण सोडवणे

स्वाध्याय
१. आई बाळाच्या किमोनोच्या पाठीवर टाके का घाली?
२. मुलाचा किमोनो मोठा का शिवतात?
३. १९३१ नंतर किमोनोवरील चित्रांत कोणता बदल झाला? त्याविषयी तुम्हांला काय वाटते?
४. वाक्यात उपयोग करा : नजर ठेवणे, उदंड आयुष्य लाभणे.
५. तुमच्या घरी लहान मुलांच्या समारंभात कोणते कपडे घालतात? पाच-सहा वाक्ये लिहा.